सारजाबाईंचं बस स्टँड

मढची सारजा डिंभ्याला सून म्हणून आली, त्या घरात बायकांना काही विचारायची पद्धत नव्हती. सांगायची होती. "उद्या पाव्हणं येणार हायेत," एवढं सांगितलं जाई. किती येणार, हे सुनेनं विचारलेलं कुणाला आवडत नसे. जनावर विकलं की ते गोठा रिकामा दिसल्यावर कळायचं. थोरल्या लेकीचं, समृद्धीचं, लग्न ठरलं तेही सारजाबाईंना सुपारी फुटल्यावर कळलं, आणि तेसुद्धा चहाची साखर कमी पडली म्हणून. नवरा भिमाजी माणूस वाईट नव्हता. धरणाच्या पाण्यात होडी घालून मासे धरायचा. दिवसभर पाण्यावर गप्प बसायची सवय, ती घरी आल्यावरही सुटत नसे. सासू गेली, सासरा गेला, पण पद्धत घरातच राहिली.

बोलायची हौस मात्र सारजाबाईंना उपजतच. कुणी विचारत नाही म्हटल्यावर त्या न विचारता बोलत. म्हशीशी बोलत, चुलीशी भांडत, भाकरी फुगली नाही तर तव्याचा उद्धार करत. फाट्यावर, गाडी थांबते त्या लिंबाच्या झाडासमोर त्यांनी पत्र्याची खानावळ टाकली, त्याला हेही एक कारण होतं. गिऱ्हाईक जेवत असतं तोवर त्याला ऐकून घ्यावंच लागतं. भिमाजीनं आणलेली मरळ नाहीतर कटला, त्याचं लालभडक कालवण आणि तांदळाची भाकरी. कालवण तिखट, बाईंची जीभ त्याहून तिखट. खाणारे दोन्हीसाठी येत.

असं सगळं बरं चाललं होतं. मग दिवाळीला पोरगा घरी आला.

सार्थक चाकणच्या कंपनीत कामाला. त्यानं खानावळीकडं बघितलं, गिऱ्हाईकांकडं बघितलं आणि फर्मावलं, "आये, आपलं हॉटेल नेटवर टाकलं पायजे. नेटवर नसलं म्हंजी नसलंच."

"मग मी हितं बसलीय ती कोण?" सारजाबाई म्हणाल्या.

पण पोरानं ऐकलं नाही. मोबाईलवर अंगठे चालवत त्यानं लिहिलं: 'सारजाबाई खानावळ, डिंभे बस स्टँडसमोर'. खाली आईचा नंबर टाकला, फराळाचा डबा उचलला आणि चाकणला निघून गेला.

नेटनं ते वाचलं आणि आपल्या परीनं समजून घेतलं. सारजाबाई म्हणजे काय ते त्याला उमगलं नाही, म्हणून ते सोडलं. खानावळी त्याच्याकडं आधीच पोत्यानं पडल्या होत्या, तीही सोडली. 'समोर' हा शब्द तर अगदीच किरकोळ. उरलं ते 'डिंभे बस स्टँड', आणि त्याच्यापुढं सारजाबाईंचा मोबाईल नंबर.

पहिला फोन आला तेव्हा बाई कांदा भाजत होत्या.

"हॅलो, बस स्टँड का?"

"न्हाई. खानावळ हाय."

"भीमाशंकरची गाडी किती वाजता?"

"मासे हायेत. मरळ हाय. गाडी न्हाई."

"अहो, मी गाडीचं विचारतोय!"

"आन् मी माशाचं सांगतीय," म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "बगा, चुकीचा नंबर लावत्यात आन् वर वरडत्यात."

दुसऱ्या दिवशी फोन आले, तिसऱ्या दिवशी आणखी आले. एकाची गाडीत पिशवी राहिली होती. एका बाईला पुढच्या सीटवर जागा धरून ठेवायची होती. एकजण हिंदीत भांडला, त्याला बाईंनी टीव्हीवरून शिकलेल्या हिंदीत उत्तर दिलं, "हम बस नहीं है, हम बाई है!" त्यावर तो म्हणाला, मग बस को फोन दो. रविवारी तर कालवणाला फोडणी द्यायची फुरसत मिळेना. एक हात कालथ्यावर, एक हात कानाला. शेवटी बाई प्रत्येकाला तोंडाला येईल ते सुनवायला लागल्या.

आठवड्यानं सार्थकचा फोन आला. आवाज जरा पडलेला. "आये, तुला नेटवर एकच तारा दिलाय लोकांनी."

"म्हंजी?"

"पाच द्यायचे असत्यात. तुला एक दिलाय. खाली लिवलंय, 'चौकशी खिडकीवरील महिला कर्मचारी अत्यंत उद्धट.'"

"खिडकी?" बाईंनी पत्र्याकडं, मग चारी बाजूंनी उघड्या खानावळीकडं बघितलं. "हितं भिंत न्हाई, खिडकी कुठून आली? आन् कर्मचारी मी कवा झाले? पगार कुठंय मग?"

सार्थकनं सांगितलं, तो दुरुस्तीसाठी अर्ज टाकतो, वेळ लागेल. तोवर तूच नेटला विचारून बघ, त्याच्याकडं सगळ्याची उत्तरं असतात. मोबाईलवर माईकचं चित्र असतं ते दाबायचं आणि बोलायचं.

बाईंना हे पटलं. बोलून होणारं काम म्हटलं की त्यांना हुरूप येई. दुपारची गर्दी सरल्यावर त्यांनी पदरानं हात पुसले, माईक दाबला आणि नेटला बजावलं, "माजा नंबर काडून टाक."

नेट क्षणभर गरगरलं. मग त्यानं दाखवलं: तुमचा नंबर कधी लागेल, जाणून घ्या जन्मतारखेवरून. खाली एक बुवा बोटांत अंगठ्या घालून बसला होता.

"लागायचा न्हाई, काडायचा हाय! नंबर काडायचा हाय!"

आता नेटला कळलं. नंबर काढायचा म्हणजे मिळवायचा. गाडीचा नंबर कसा काढावा. दवाखान्यात घरबसल्या नंबर कसा काढावा. एकाच आकड्याचा देखणा मोबाईल नंबर कसा काढावा.

"पुसायचाय रं बाबा, पुसायचाय!"

नेटनं फरशी पुसायच्या बादल्या दाखवल्या. दांड्यासकट, सवलतीत.

बाईंनी सार्थकला फोन केला. तो कंपनीत होता, दबक्या आवाजात म्हणाला, "आये, शुद्ध बोल जरा. त्याला आपलं गावाकडचं कळत न्हाई." मग सारजाबाई ताठ बसल्या, पदर सारखा केला, आणि रेडिओवरची बाई बातम्या देते तसा आवाज काढून म्हणाल्या, "कृपया... माझा... भ्रमणध्वनी क्रमांक... वगळण्यात यावा."

कोपऱ्यात एक म्हातारं गिऱ्हाईक भाकरी कुस्करत होतं. त्याचा हात थांबला. "वैनी," ते काळजीनं म्हणालं, "बरं वाटत न्हाई का?"

पण शुद्ध बोलण्याचा उपयोग झाला. नेटनं एक पान उघडलं: 'आपला क्रमांक कसा वगळावा? संपूर्ण माहिती'. बाईंना अक्षरं लागत; सावकाश, पण लागत. त्या वाचू लागल्या. आजच्या धावपळीच्या जगात क्रमांकाला अनन्यसाधारण महत्त्व आहे, असं पानाचं म्हणणं होतं. मग क्रमांक म्हणजे काय ते आलं. पूर्वीच्या काळी क्रमांक नव्हते, तेव्हा लोक कसे राहत, तेही आलं. मध्येच एका गुडघ्यानं अर्धं पान झाकलं. त्याच्यावर कुणीतरी तेल ओतत होतं. बाईंनी गुडघा बाजूला सारला, तर दुसरा आला. तोही सारला. क्रमांक वगळण्याचे फायदे आले, तोटे आले. आणि तळाशी, एवढं खाली उतरल्यावर, लिहिलं होतं: 'अशा प्रकारे आपण आपला क्रमांक सहज वगळू शकता.'

"अशा म्हंजी कशा?" बाईंनी मोबाईल उलटा करून पाठीमागं काही लिहिलंय का तेही बघितलं.

खाली विचारलं होतं, ही माहिती उपयुक्त वाटली का? बाईंनी सगळ्या ताकदीनं 'नाही'वर बोट दाबलं. नेट म्हणालं, धन्यवाद! त्या दिवसापासून पुढं महिनाभर मोबाईल उघडला की पहिल्यांदा गुडघा दिसे.

मग त्यांनी व्हिडिओ लावला. त्यातला दाढीवाला तरुण "नमस्कार मित्रांनो" म्हणाला, मग स्वतःचं नाव म्हणाला, घंटी दाबा म्हणाला, मागच्या व्हिडिओला किती प्रेम मिळालं ते म्हणाला. बाईंनी तेवढ्यात तांदूळ निवडले, चुलीत लाकूड सारलं. तांदूळ धुऊन झाले तेव्हा तो म्हणत होता, तर चला, वेळ न घालवता सुरू करूया.

सार्थक म्हणाला होता की आता नेटवर नवीन सोय झालीय. पानं चाळायला नकोत. विचारलं की ते स्वतःच सगळं वाचून एकच नेमकं उत्तर लिहून देतं. बाईंनी तेही केलं. शुद्ध आवाजात विचारलं, "डिंभे बस स्टँड म्हणून चुकीचा क्रमांक लागला आहे, त्याची तक्रार कुठे करावी?" उत्तर काय देखणं आलं! स्वच्छ मराठी, एकही शब्द इकडचा तिकडं नाही. 'आपली अडचण समजण्यासारखी आहे. अशा तक्रारीसाठी थेट डिंभे बस स्टँडच्या चौकशी विभागाशी संपर्क साधावा. तेथील कर्मचारी आपल्याला नक्कीच मदत करतील.' आणि खाली नंबर.

बाईंना भरून आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी अडचण समजण्यासारखी आहे असं म्हणालं होतं. त्यांनी नंबर लावला. बिझी लागला. थोड्या वेळानं पुन्हा लावला. बिझी.

"बगा," त्या नुकत्याच होडीवरून आलेल्या भिमाजीला म्हणाल्या, "कसली मानसं असत्यात एकेक. मगापासून लावतीय, कुनाशी तरी बोलतच बसलीय मेली."

भिमाजीनं जाळं खाली ठेवलं. "कोन?"

"बस स्टँडवाली."

त्यानं मोबाईल हातात घेतला, लांब धरला, डोळे बारीक केले. बराच वेळ तो काही बोलला नाही. पण तो तसाही बोलत नसे, म्हणून बाईंना संशय आला नाही.

"ह्यो तुजाच नंबर हाय," तो म्हणाला, आणि मासे निवडायला गेला.

सारजाबाई त्या संध्याकाळी कुणाशीही बोलल्या नाहीत. म्हशीशीसुद्धा नाही.

बाजाराच्या दिवशी त्या घोडेगावला शौकतच्या दुकानात गेल्या. शौकत मोबाईल दुरुस्त करी. त्याच्या वडिलांचं त्याच जागी घड्याळाचं दुकान होतं. गडी हुशार आणि गोड बोलणारा. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हसू आवरलं, आणि म्हणाला, "मावशी, एवढंच ना? आत्ता करतो." नकाशा उघडून त्यानं दुरुस्ती सुचवली: हे बस स्टँड नाही, ही खानावळ आहे. नेट म्हणालं, तुमची सूचना तपासतो. चार दिवसांनी शौकतचा फोन आला.

"मावशी, सूचना नामंजूर झाली."

"का म्हून?"

"लई लोकांनी तिथं बस मिळाल्याचं कळवलंय. फोटोबी टाकल्यात. एका फोटोत तुमच्या चुलीमागं गाडी उभी हाय."

"अरं, पन ती माजी चूल हाय का न्हाई?"

"तुमची हाय. पन नेटच्या हिशोबानं तुमी गाडीसमोर अतिक्रमण केलंय."

"मग ही तपासनी करतं कोन? हितं कुनी आलं न्हाई बगायला."

"नेटच करतं."

"कुनाला इचारून?"

"नेटला," तो म्हणाला.

नंबर बदलावा, असं त्यानं सुचवलं. पण तो नंबर समृद्धीच्या सासरी माहीत होता, मंचरच्या किराणावाल्याला माहीत होता, माशाच्या जुन्या गिऱ्हाइकांना पाठ होता. आपल्याच घरातून आपण का उठायचं, असं बाईंना वाटलं. त्यांनी नंबर ठेवला. जिभेला मात्र आवर घातला नाही, आणि तिथंच घोटाळा झाला.

झालं असं. एका शनिवारी दुपारी आहुप्याकडं जाणारी गाडी आली नव्हती. ती न येणं काही नवं नव्हतं. पण त्या दिवशी सहलीला आलेली एक मोठी पंगत खानावळीत बसली होती, तेल तापून धूर निघाला होता, आणि पुण्याहून एका माणसाचा पाचव्यांदा फोन आला. त्याची सासू त्या गाडीत होती. "अहो, गाडी कुठंय ते नीट सांगा की! स्टँडवर बसून करता काय तुम्ही?"

"गाडी गेली खड्ड्यात!" सारजाबाई ओरडल्या, आणि फोन पिठात आपटला.

गावाकडच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. पण तो माणूस पुण्यात वाढलेला. त्यानं पुन्हा फोन लावला, तो पिठात वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मग त्यानं घाबरून नेटवर लिहिलं: 'डिंभ्याजवळ बस खड्ड्यात, स्टँडवरून खात्रीलायक माहिती.' ते वाचून दुसऱ्यानं पुढं ढकललं. डोंगराळ भागात खड्डा कसला, दरी असणार, म्हणून तिसऱ्यानं 'दरीत' केलं. चौथ्याला डिंभे म्हटल्यावर धरण आठवलं. पंगत जेवून उठेपर्यंत गाडी धरणात पडली होती. तिचा फोटोही आला. त्यात मागं नारळाची झाडं होती, पण तेवढं कोण बघतो. आता कुणी नेटला विचारलं, की डिंभ्याला काय झालं, तर ते स्वच्छ मराठीत सांगू लागलं: 'विविध स्रोतांनुसार, आज दुपारी एक प्रवासी बस जलाशयात कोसळली.' सगळे स्रोत एकाच पिठाच्या परातीतून निघाले होते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एका होऊ घातलेल्या पुढाऱ्यानं तर भावपूर्ण श्रद्धांजलीही वाहून टाकली. त्यात गाडी बोटभर आणि तो स्वतः हात जोडून वीतभर होता.

सारजाबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना दिसली ती पोलिसांची जीप, तिच्यामागं ॲम्ब्युलन्स, तिच्यामागं मोटरसायकली. धरणावरून निरोप आला की होडीवाल्यांना पाण्यात बोलावलंय. भिमाजी आकडा आणि दोर घेऊन निघाला.

"काय झालं ओ?" बाईंनी विचारलं.

"गाडी बुडाली म्हनं," तो म्हणाला आणि गेला.

त्या गाडीतली निम्मी माणसं त्यांच्या ओळखीची. संपत कंडक्टर तर रोज त्यांच्या चुलीपाशी चहा पिणारा. त्यांनी चूल विझवली, पदर तोंडाला लावला आणि लिंबाखाली मटकन बसल्या. गावातल्या बायका जमल्या. रडं सुरू झालं. कुणीतरी म्हणालं, संपत लई गुणाचा होता. बाई म्हणाल्या, होता ओ, चहाला साखर जास्त मागायचा, मी बोलायची त्याला, आता कुणाला बोलू?

आणि शिनोलीच्या बाजूनं गाडी आली.

खडखडत, धूळ उडवत आली आणि रोजच्यासारखी लिंबाखाली थांबली. शिनोलीला टायर बसलं होतं, स्टेपनीतही हवा नव्हती, ती भरून आणेपर्यंत वेळ गेला होता. आतली माणसं मात्र भलतीच वैतागलेली. त्यांचे फोन वाटेत वाजून वाजून गरम झाले होते. एक पावणं खिडकीतून डोकं काढून मोबाईलमध्ये ओरडत होते, "आरं, मी मेलोय का न्हाई ते मला ठावं का तुला? नेटवर दिसतंय म्हंजी काय? बोलतोय कोन मग!" पुण्याच्या जावयाची सासू मागच्या सीटवर शांत बसून पेरू खात होती. जावयाला आपली एवढी काळजी आहे हे कळल्यापासून तिचा चेहरा खुलला होता.

संपत उतरला. बायकांचं रडं एकदम थांबलं. "सारजाक्का," तो म्हणाला, "घरून सारखं फोन येत्यात, तुमी हाय का म्हनून. हाय म्हनलं तर बायको म्हनती, खरं सांगा."

बाई उठल्या आणि त्यांनी त्याला सुनवायला सुरुवात केली. गाडी वेळेवर का आणत नाही, हवा तपासता येत नाही का, लोकांच्या जिवाला घोर लावता. बोलता बोलता डोळे पुसत होत्या, आणि बोलणं काही थांबत नव्हतं.

पोलिसांनी माग काढला. पुण्याचा माणूस सापडला, त्यानं नंबर दिला. हवालदारानं तो लावला, तेव्हा त्याच्या पुढ्यातच, परातीत, पिठात फोन वाजला.

"तुमी सांगितलं गाडी खड्ड्यात गेली म्हनून?" पोलिसांचे साहेब कडक आवाजात म्हणाले.

सगळं गाव बघत होतं. सगळा प्रकार आता कुठं सारजाबाईंच्या ध्यानात आला होता. पण घाबरल्या की त्यांची जीभ जास्तच चाले. "सांगितलं," त्या म्हणाल्या. "खोटं काय त्यात? रस्ता बगितलाय का सायेब? रोज जाती खड्ड्यात. रोज निगती. आज निगायला येळ लागला."

साहेबांची जीप येताना दोनदा दणका खाऊन आली होती. त्यांचा हात नकळत कमरेकडं गेला. गर्दीत कुणीतरी खुसकन हसलं. साहेबांनी पुन्हा असं बोलू नका म्हणून दम दिला, कालवण शिल्लक आहे का ते विचारलं, आणि चूल पुन्हा पेटली. अंधार पडताना भिमाजी आला. धरणात गाडी काही सापडली नाही, म्हणाला. दोन कटले तेवढे आणले होते.

सोमवारी डेपोतून एक साहेब आले. बाईंना वाटलं, आता खटला. पण साहेब बाकावर बसून चहा प्याले, घाम पुसला, आणि खाली बघत म्हणाले, "बाई, तो नंबर काढण्याचं आम्ही बघतोय. वर कळवलंय. पण तोवर... जरा नीट सांगत जाल का लोकांना?"

"मी?"

"लोक तुम्हालाच विचारतात. आमचा फोन लावत नाहीत. म्हणजे, आमचा लागतही नाही. तो वेगळा विषय आहे. तुम्हाला काय वाटतं, कसं करावं?"

सारजाबाईंच्या हातातला कप तसाच राहिला. 'तुम्हाला काय वाटतं.' त्यांनी मागं वळून बघितलं, भिमाजीला विचारलं की काय म्हणून. मागं कुणी नव्हतं.

"मला वाटतं," त्या हळू म्हणाल्या, आणि मग पाऊण तास त्यांना जे जे वाटत होतं ते त्यांनी सांगितलं. साहेबांचा दुसरा चहा थंड झाला. त्यातून एवढं ठरलं, की संपत आणि बाकीचे कंडक्टर घोडेगाव सोडताना बाईंना एक फोन करतील.

त्यानंतर फोन उचलला की बाई म्हणत, "डिंभे बस स्टँड. बोला." गाडी निघाली असेल तर निघाली म्हणत. नसेल तर म्हणत, "अजून घोडेगावला हाय, जेवून निगा." आणि माहीत नसेल तर सरळ सांगत, "म्हाईत न्हाई. जीपनं या." हे शेवटचं उत्तर लोकांना सगळ्यात आवडलं. कुणी त्यांना अडचण समजण्यासारखी आहे म्हणालं नाही, घंटी दाबायला लावली नाही, गुडघा दाखवला नाही. सार्थकनं कळवलं, आये, आता साडेचार तारे झालेत. एक लिहितो, 'नेटवर मिळालेलं पहिलं कामाचं उत्तर.' दुसरा लिहितो, 'महिला कर्मचारी अजूनही उद्धट, पण खरं बोलतात.' एकदा तर डेपोतूनच फोन आला. कुणी नवीन कारकून होता. आपली गाडी कुठवर पोचली ते त्यानं नेटवर शोधलं होतं आणि नेटनं त्याला बाईंचा नंबर दिला होता.

पलीकडच्या कुशाबाचा फोन रोज येई. पेन्शनीतला माणूस, धरणाच्या वरच्या अंगाला एकटाच राहणारा. रोज गाडीचं विचारी आणि कधी येत नसे. एक दिवस बाईंनी दरडावलं, "आवं, येनार कवा तुमी?"

"यायचंय कुटं मला?" कुशाबा म्हणाला. "इचारलं की मानूस बोलतंय, म्हनून लावतो."

"मग तीननंतर लावा," बाई म्हणाल्या. "आत्ता पंगत बसलीय." मग तो तीननंतर लावू लागला, आणि बाईही त्या वेळेला भांडी घासायला काढेनाशा झाल्या.

पुढं पावसाळा सरला आणि एके दिवशी फोन कमी झाले. दुसऱ्या दिवशी आणखी कमी. बाईंना चैन पडेना. मोबाईल बंद पडला म्हणून त्या शौकतकडं गेल्या. त्यानं बघितलं आणि कपाळाला हात लावला. डेपोनं कळवलेलं वर पोचलं होतं. नेटनं मोठ्या मनानं चूक सुधारली होती. पण 'हे बस स्टँड नाही' याचा अर्थ त्यानं आपल्या परीनं लावला होता. आता तिथं लाल अक्षरांत लिहिलेलं दिसत होतं: 'डिंभे बस स्टँड. कायमचे बंद.'

"आन् खानावळ?" बाईंनी विचारलं.

"खानावळ कुठंच न्हाई, मावशी. टाकू का परत?"

"हात लावलास तर बग," सारजाबाई म्हणाल्या.

ज्यांच्याकडं नंबर लिहिलेला होता त्यांचे फोन येत राहिले, पण नवे लोक कमी झाले. शनिवारच्या गाडीतही गर्दी विरळ झाली. अशाच एका शनिवारी पाठीवर मोठी बॅग घेतलेला एक जवान माणूस गाडीतून उतरला. गाडी धूर सोडून पुढं गेली. तो लिंबाखाली उभा राहून मोबाईलकडं बघत होता, मग रस्त्याकडं, मग पुन्हा मोबाईलकडं.

"काय शोधताय, पावणं?" बाईंनी विचारलं.

"इथलं बस स्टँड बंद झालंय ना?"

"आसं कोन म्हनतं?"

"नेटवर आहे. कायमचं बंद."

"मग तुमी आत्ता उतरला कुटं?"

त्या माणसानं मागं बघितलं. गाडीची धूळ अजून खाली बसली नव्हती. मोबाईल खिशात घालून तो बाकावर बसला. बाईंनी पुढ्यात ताट ठेवलं, कालवण वाढलं, भाकरी मोडून दिली. पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"परतीची गाडी किती वाजता असते, काकू?" नाक पुसत त्यानं विचारलं.

"संपतचा अजून फोन न्हाई," सारजाबाई म्हणाल्या. "तुमी जेवा निवांत. आन् ती बॅग बाकावरनं खाली घ्या, लोकांनी बसायचं कुटं?"